स्वरदाची पिवळी जर्सी

"पहिली पिवळी घ्यायची. दुकानात पिवळी नसेल तर तसंच घरी परत यायचं, पण दुसरा रंग उचलायचा नाही. पिवळीनंतर काळी. बाकीच्या सावकाश."

दशरथ सरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. थोडा घोगरा, मैदानावर ओरडून ओरडून बसलेला. आमच्या मुलुंडच्या घरी ते एकदाच आले होते, गेल्या पाडव्याच्या आधी. माझी स्वरदा फुटबॉलच्या रेफरीची परीक्षा पास झाली होती आणि तिला शिकवणारे ते. बिनसाखरेचा चहा घेत ते तिला रंग समजावून सांगत होते. रेफरीच्या जर्सीचे रंग पाच: पिवळा, काळा, लाल, निळा आणि हिरवा. दोन्ही संघांहून आणि दोन्ही गोलकीपरांहून रेफरी वेगळी दिसली पाहिजे.

"आपल्याकडचे संघ बघ, निम्मे निळे, उरलेले काळे नाहीतर लाल. पिवळा क्वचित कोणी घालतो. म्हणून पिवळी असली की अडत नाही. आणि उसनी जर्सी घालून सामना घ्यायचा नाही. स्वतःची नसेल तर घरी बसायचं."

"म्हणजे पहिली कमाई कपड्यांत," स्वरदा म्हणाली.

"मग काय, साडी घालून शिट्टी मारणार?"

जाताना ते माझ्याकडे वळले. "ताई, पोरगी चांगली पळते. त्याहून चांगलं बघते. तिला घरातून अडवू नका, एवढं वचन द्या."

"नाही अडवणार," मी म्हणाले.

"देवासमोर बोललात हं." आमचा देव्हारा बाहेरच्या खोलीतच आहे. "मैदानावरचं माझ्याकडे लागलं. मी रेषेबाहेर उभा असेन."

मे महिन्यात सर गेले. बसल्या जागी. त्यांचं वचन त्यांच्याबरोबर गेलं, माझं माझ्याकडे राहिलं.

ते वर्षभर स्वरदा मदतनीस म्हणून जात होती, म्हणजे झेंडा घेऊन कडेने पळायचं. सुयोग तिच्याहून चार वर्षांनी मोठा, सरांचा जुना विद्यार्थी. मदतनीसाला उसनं चालायचं, म्हणून त्याच्या लहान झालेल्या जर्सी ती घालायची. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती त्याला घेऊनच घरी आली. त्याच्या भुवईवर सहा टाके होते. घाटकोपरच्या एका मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला सुयोगने पेनल्टी दिली आणि काळ्या जर्सीवाल्या मंडळाची माणसं आत घुसली. मुलं नव्हेत. मुलांचे काका, मामा.

"काकू, असा घरी गेलो तर आई चक्कर येऊन पडेल," सुयोग म्हणाला. "जरा धुऊन द्याल?"

मी त्याला ह्यांचा सदरा दिला आणि त्याची जर्सी गार पाण्यात भिजत टाकली. पिवळी होती. छातीवरचं रक्त निघालं. कॉलरचं निघेना. तीनदा साबण लावला, मीठ लावून चोळलं, तरी तपकिरी होऊन तसंच बसलं.

"राहू दे काकू," तो दारातून म्हणाला. "मी आता पुन्हा नाही उतरणार."

तो गेल्यावर मी स्वरदाला विचारलं, "तू कुठे होतीस?"

"वीस पावलांवर."

"पळाली नाहीस?"

"सुयोगला टाकून? काय बोलतेस, आई!"

मी पुन्हा बादलीपाशी जाऊन कॉलर चोळत बसले.

मी सकाळचं मौन पाळते. उठल्यापासून पूजा, स्तोत्र, नैवेद्य होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बारा वर्षं झाली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं होतं. ते परत घेण्याआधी त्या गेल्या. तेव्हापासून हे धरलं. नैवेद्य दाखवला की पहिला शब्द रामाचा, मग बाकीचं. घरच्यांना सवय आहे, ओळखीच्यांनाही. सकाळी फोन आला तर मी उचलते आणि नखाने टकटक करते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

डिसेंबरात स्वरदाची कॉलेजची परीक्षा चालू होती. जानेवारीपासून तिला स्वतःचे सामने मिळणार होते.

"आई, तूच आण ना. पिवळी आणि काळी. मीडियम. सध्या दोनच."

स्टेशनजवळच्या खेळाच्या दुकानात मी गेले. दुकानदाराने काचेवर पाचही रंग पसरले. लाल मी बघितलाच नाही. पिवळी त्याने हातात दिली, आणि माझा अंगठा आपोआप कॉलरवर गेला. जर्सी कोरी होती. तरी मला तिथे ते तपकिरी दिसलं.

"भाऊ, यातली कमी उठून दिसणारी कुठली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, रेफरीसाठी हवीय ना? का चोरासाठी? उठून दिसायलाच असते ही."

"लांबून नजरेत भरू नये अशी."

"मग घरच्या गाऊनवर पाठवा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी काळी घेतली. ती सांगितलेलीच होती, आणि काळ्याने दृष्ट टळते असं मनाला सांगता येत होतं. दुसरी गडद निळी घेतली. लोक धावत आले तर निळ्यात ती पटकन चार माणसांत मिसळून जाईल, हाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

"पिवळी नको? पहिली सगळे तीच नेतात," तो म्हणाला.

"नको."

घरी आल्यावर स्वरदाला सांगितलं, "पिवळी तुझ्या मापाची नव्हती गं."

"असू दे. पुढच्या महिन्यात बघू." तिने निळी अंगाला लावून आरशात पाहिली. आई खोटं बोलेल हे तिच्या मनात यायला जागाच नव्हती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती उड्या मारतच घरी आली. मुलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना तिला मिळाला होता. तेच घाटकोपरचं मैदान, आणि दोनांतला एक संघ त्याच मंडळाचा.

"काळ्या कपड्यांतले?" मी विचारलं.

"हो गं. पण आता पोलीसही असतील म्हणे. एक तरी." ती हसली. मला हसू आलं नाही. चार दिवस मी मारुतीला रोज तेल घातलं, आणि मागितलं काय, तर सामना रद्द होऊ दे.

शनिवार उजाडला. माझा उपासही होता. स्वरदा आंघोळीला गेली होती आणि मी देवांना गंध लावत होते, तेव्हा माझा फोन वाजला. वनमाला मॅडम, रेफरींच्या नेमणुका त्या करतात. स्वरदाचा फोन बंद होता. सामन्याच्या सकाळी रेफरीने फोन बंद ठेवायचा, ही सरांचीच शिस्त. कोण काय सांगेल, कोण काय दम देईल, ऐकायलाच नको.

"काकू, वनमाला. मौन असेल ना? ऐकू येतंय? टक करा."

मी टक केलं.

"हां. स्वरदाला निरोप द्या. लाल संघाचे कपडे बदलले, ते आता निळ्यात येणार. म्हणजे काळे विरुद्ध निळे. गोलकीपर एक हिरवा, एक लाल. आपल्याला उरला फक्त पिवळा. पिवळी घेऊन यायला सांगा. पिवळी नसेल तर मी सामना केयूरला देईन, त्याच्याकडे पिवळी आहे, मला इलाज नाही. उसनी चालणार नाही, तिला नियम माहीत आहे. सांगाल ना?"

मी एकदा टक केलं. फोन ठेवला.

पिवळी नसेल तर. गंधाची वाटी माझ्या हातात होती आणि मला एवढंच ऐकू येत होतं. पिवळी नव्हतीच. मला काही करावंच लागणार नव्हतं. दुकानं दहाला उघडतात, तिला सांगितलं तर ती जाता जाता घेऊन जाईल. नाही सांगितलं तर तिला बाजूला बसवतील, आणि संध्याकाळी माझी मुलगी जशी गेली तशी घरी येईल. कागद-पेन्सिल देव्हाऱ्याखालच्या खणातच असतं. मौनात लिहून दाखवायला मीच ठेवलेलं. मी खणाला हात लावला नाही. अजून मौन आहे, मी मनाला म्हटलं. मौन सुटल्यावर बघू.

स्तोत्र म्हणताना एक ओळ गळली. बारा वर्षांत कधी गळली नव्हती. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळले.

स्वरदा ओले केस बांधत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून बॅग भरायला लागली. शिट्ट्या दोन, कार्डं, मोजे, काळी, निळी.

"आई, आज भीती वाटतेय," ती हळू म्हणाली. "बाबांसमोर नाही बोलले. सुयोगचा चेहराच येतो डोळ्यांसमोर. नैवेद्य दाखव ना लवकर. तुझ्या तोंडून 'जा' ऐकलं की मला बरं वाटतं."

मी नैवेद्य दाखवला. पाणी फिरवलं. हात जोडले.

"वनमाला मॅडमचा फोन आला होता का गं? काही असेल तर तुझ्याकडे कळवीन म्हणाल्या होत्या."

"नाही," मी म्हणाले.

मौन सुटल्यावरचा माझा पहिला शब्द तो होता. रामाचं नाव घ्यायचं राहून गेलं, आणि नंतर घेतलं तर ते घेतल्यासारखं वाटेना.

"बरं. मग निळी चालेलच." तिने वाकून नमस्कार केला. "म्हण ना."

"जा," मी म्हणाले. "जपून जा."

ती अकराला निघाली. साडेबाराला तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता, त्यात झेंडा तिच्याकडे होता. अंतिम सामना चारला. ह्यांची शनिवारची ड्यूटी होती, घरात मी एकटीच. आता भीती कमी व्हायला हवी होती. मी तुळशीला पाणी घातलं, ते कुंडीतून सांडून फरशीवर आलं तरी घालतच राहिले. लिफ्टचं दार वाजलं की दचकत होते. दर थोड्या वेळाने फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. वाजेल म्हणून भीती आणि वाजत नाही म्हणूनही.

सव्वाला वाजला. जानकी. गुरुवारच्या भजनातली आमची जानकी, केयूरची आई.

"शुभाताई, बोलू शकता ना आता?"

"बोल."

"अहो, मला काही सुचेना बघा. केयूर आत्ता मैदानावरून बोलला. फायनल त्याला देतायत. ते काळे कपडेवाले म्हणजे तेच ना, सुयोगला मारणारे? केयूर एकोणिसाचा आहे हो. परवापर्यंत इंजेक्शनला रडायचा मेला. आणि मला काय म्हणतो, आई, टेन्शन नको घेऊस, आणि त्याचाच आवाज थरथरतोय!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"स्वरदाला बरं नाही का? तुम्ही तरी काय करणार म्हणा. पिवळी न्यायला विसरली म्हणे."

"कोण म्हणालं, विसरली?"

"तीच की. मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या, तुझ्या आईकडे सकाळीच निरोप दिला होता म्हणून. ती म्हणाली, हो मॅडम, आईने सांगितलं होतं, मीच विसरले. केयूर म्हणाला, इतकी बोलणी खाल्ली तिने, पण मान वर केली नाही."

तिला त्या क्षणी कळलं असणार. सकाळचा फोन, माझं 'नाही', दुकानातलं माप, सगळं एकदम. आणि चारचौघांत तिने ते आपल्या अंगावर घेतलं होतं.

"शुभाताई, तुम्ही एवढं करता, इतके नेम पाळता," जानकी रडवेली झाली होती. "तुमचं देव ऐकेल. केयूरसाठी दोन शब्द सांगा ना. मी समई लावून बसलेय, पण मला स्तोत्रसुद्धा आठवेना."

"जानकी," मी म्हणाले, "स्वरदा नाही विसरली. तिला निरोप मिळालाच नाही. मी दिला नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"म्हणजे?"

"मला भीती वाटली. ते लोक तिला मारतील म्हणून."

"आणि माझ्या केयूरला..." ती थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "असं कसं हो केलंत, शुभाताई?"

मी घड्याळाकडे पाहिलं. "सामन्याच्या कागदावर रेफरीचं नाव कधी लिहिणार आहेत?"

"तीनला म्हणे."

"केयूरला फोन कर. मॅडमना सांगायला सांग, निरोप शुभाकाकूंनी दिला नव्हता, स्वरदाची चूक नाही, आणि तिची पिवळी तीनच्या आत येते आहे. माझं नाव घेऊन सांग."

"सगळ्यांसमोर?"

"ओरडा सगळ्यांसमोर खाल्ला ना तिने? मग सगळ्यांसमोरच."

मी चपला घातल्या. दाराला कुलूप लावलं. तेव्हाही मनात येत होतं, दुकान बंद असलं तर? जेवायला बंद करतात. बंद असावं, असंही वाटत होतं आणि पाय तर भरभर चालत होते. सर पाडव्याआधी माझ्यासमोर उभे होते तेव्हा मी किती सहज बोलून गेले होते, नाही अडवणार. पोर परीक्षा पास झाली होती, घरात श्रीखंडाचा चक्का टांगला होता. अडवण्यासारखं समोर काही नव्हतंच तेव्हा.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. दुकानदार डबा उघडून बसला होता.

"ताई, तीनला या."

"पिवळी द्या. मीडियम."

त्याने मला ओळखलं. "त्या दिवशी नको म्हणालात."

"आज पाहिजे. आत्ता. तिचा सामना आहे."

त्याने चपातीचा घास तसाच ठेवला, हात रुमालाला पुसले आणि फळीवरून जर्सी काढली. "मुलगी रेफरी आहे तुमची? कुठे सामना?"

मी मैदानाचं नाव सांगितलं. त्याचा हात थांबला.

"तिथे नोव्हेंबरात राडा झालेला."

"हो."

"मग सांभाळून," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार. पिशवी शोधू लागला तर मी नको म्हटलं. जर्सी मी तशीच छातीशी धरली. नव्या कापडाचा उग्र वास येत होता. भरदुपारच्या उन्हात तो पिवळा डोळ्यांत घुसत होता. शंभर माणसांतून, दोनशे माणसांतून कोणालाही दिसेल असा. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळूनसुद्धा पाहिलं. तोंडाला कोरड पडली होती. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मी कधी तिच्या मैदानावर गेले नव्हते. फाटक कुठे, बायका कुठे उभ्या राहतात, काही माहीत नव्हतं. जर्सी हातात देऊन परत यायचं, की रेषेबाहेर उभं राहायचं, हेही ठरलं नव्हतं. स्वरदा माझ्याकडे कशी बघेल, हे तर मनात आणवत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तीनच्या आत पिवळी तिच्या अंगावर चढली पाहिजे, आणि त्यानंतर जे होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होईल.

नाक्यावर दोन रिक्षा उभ्या होत्या. पहिल्याने मान हलवली. दुसऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"घाटकोपर," मी म्हणाले.

आवाज निघालाच नाही. तो कान पुढे करून बघत राहिला. मी आत बसले, जर्सी मांडीवर नीट ठेवली, आणि त्याला पुन्हा सांगितलं.